अंगावर काटा, हलव्यावर काटा

आगाशीत थंडी आली हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. मोरीतल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली ते काम करते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागतं. दिवाळी उलटून गेली तरी बाटली उपडी केली की तेल गळतं. मग डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ते पांढरंफटक होऊन तळाशी बसून राहतं आणि घरातलं कुणीतरी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवतं. त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटरं खाली उतरतात आणि घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरतो.

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर हे गाव लागतं. नारळीच्या आणि केळीच्या वाड्या, नागवेलीचे मळे, फुलांची शेती आणि थोड्याच अंतरावर समुद्र. या समुद्रामुळे थंडी इथे कधी मुक्कामाला येत नाही, पाहुणी म्हणून येते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या रात्री नाशिक-निफाडच्या रात्रींसारख्या गारठत नाहीत. निफाडच्या द्राक्षबागांत घड वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात. आगाशीत पारा पंधरा-सोळाच्या आसपास आला तरी लोक कानाला मफलर बांधून बसतात.

मात्र वर्षाकाठी दोन-चार वेळा वेगळंच घडतं. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभाची एखादी लाट सरकते, हिमालयात बर्फ पडतं आणि तिच्या मागोमाग उत्तरेकडून कोरडा, गार वारा थेट कोकणपट्टीपर्यंत खाली येतो. आभाळ निरभ्र असल्यामुळे जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वाराही उशिरा सुटतो. अशाच एका लाटेत, २२ जानेवारी १९६२ रोजी, मुंबईत सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली. तिथला तो नीचांक अजून टिकून आहे. ९ फेब्रुवारी २०१२ ला तिथेच पारा ८.८ पर्यंत उतरला होता. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू नये असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटायला एवढी थंडी पुष्कळ झाली.

अशा दिवसांत माणसं घरात काय करतात, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. थंड मुलखांतले लोक वेळ घालवायला घरातले छंद शोधतात, कारण बाहेर काही करताच येत नाही. कोकणपट्टीत तसं नाही. इथे काही कामं अशी आहेत की ती थंडीतच होतात, कारण त्यांना लागणारी गोष्ट वर्षातले इतर महिने मिळत नाही. ती गोष्ट म्हणजे कोरडी हवा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, पापडांना बुरशी, मीठदाणीत मिठाचं पाणी. मार्चपासून समुद्रावरचा दमट वारा. मधले जेमतेम दोन-अडीच महिने हवा हातात येते. आगाशीने या हवेवर नाव कमावलेलं आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात इथल्या सुक्या केळ्यांची वाखाणणी आढळते. राजेळी जातीची पिकली केळी सोलून उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी वसईच्या बाजारात आजही मिळतात. सुकेळी अंगणातलं काम. घराच्या आत, शेगडीजवळ बसून करायचं थंडीचं काम मात्र वेगळं. ते म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा.

हलव्याकडे जाण्याआधी दुसऱ्या काट्याचा हिशेब केलेला बरा. गार वारा लागला की अंगावर काटा येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. थंडीची किंवा भीतीची वर्दी मिळाली की हे स्नायू आखडतात, केस ताठ उभे राहतात आणि त्यांच्या मुळाशी त्वचेचा उंचवटा तयार होतो. अंगभर दाट केस असलेल्या प्राण्यांना याचा खरा उपयोग होतो, कारण उभ्या केसांमध्ये हवेचा थर अडकतो आणि ऊब टिकते. माणसाच्या अंगावर तेवढे केस राहिले नाहीत, पण सवय राहिली. त्याच वेळी शरीर हातापायांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा आवरतं घेतं. हृदय, फुप्फुसं, मेंदू आधी, बोटं नंतर. म्हणून थंडीत सुईत दोरा ओवला जात नाही आणि शर्टाची गुंडी लागता लागत नाही. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई झपाट्याने उतरते आणि स्पर्शाची जाणही मंदावते. बारीक हातकामाला म्हणून दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी लागतात: हवा गार-कोरडी आणि बोटं गरम. काटेरी हलवा करणाऱ्या बायका नेमक्या याच मोक्याच्या जागी बसलेल्या असतात. पाठीशी थंडी आणि पुढ्यात निखारे.

हलव्याचं सामान कुठल्याही घरात सापडेल इतकं साधं. पांढरे तीळ, साखर, पाणी, चमचाभर दूध. साखरेच्या पाकाला उकळी आली की दूध घालतात. त्यामुळे साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते आणि ती काढून टाकली की पाक स्वच्छ होतो. मंद आचेवर परात किंवा पसरट कढई ठेवायची, त्यात भाजलेले तीळ घ्यायचे आणि त्यांच्यावर चमचाभर पाक सोडायचा. मग बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं. पाक प्रत्येक दाण्याला लागला पाहिजे आणि तो वाळेपर्यंत दोन दाणे एकमेकांना चिकटता कामा नयेत. वाळला की पुन्हा चमचाभर पाक. पुन्हा हलवणं. ‘हलवा’ हा शब्द मुळात अरबीतला, अर्थ गोड पदार्थ. पण ज्या बाईने एक थंडी परातीपुढे काढली आहे, तिला तो ‘हलवणे’ या मराठी क्रियापदावरूनच आला असणार याबद्दल शंका नसते.

काम किती चिकाटीचं आहे याचा अंदाज एका हिशेबाने येतो. हजार तिळांचं वजन साधारण ३ ग्रॅम भरतं. म्हणजे ५० ग्रॅम, फार तर मूठभर, तिळांत सोळा-सतरा हजार दाणे असतात. त्या सगळ्यांवर सारखा थर चढायला हवा, तोही एकदा नाही, शंभरदा. पहिल्या दिवशी परातीत काही घडतच नाही. तीळ मळकट पांढरे दिसतात इतकंच. दुसऱ्या दिवशी ते फुगल्यासारखे होतात. मग कधीतरी, बहुतेकदा सगळ्यात थंड सकाळी, दाण्यांवर बारीक टोकं दिसू लागतात. काटा फुटला. त्यानंतर कामाची घाई चालत नाही. आच वाढली की साखर पिवळी पडते. पाक जास्त पडला की दाणे विरघळून गोळा होतो. हात जोरात फिरला की आलेला काटा झिजून हलवा गुळगुळीत होतो. बोटं भाजू नयेत म्हणून काहीजणी पातळ फडकं गुंडाळून घेतात, पण फडक्यातून दाण्याचा ओलेपणा नीट कळत नाही म्हणून जाणत्या बायका उघड्या बोटांवरच भरवसा ठेवतात.

तीळ हा एकच गाभा नव्हे. खसखशीचा हलवा मोत्याच्या चुऱ्यासारखा बारीक होतो. साबुदाण्याचा गोल, शेंगदाण्याचा टपोरा, लवंगेचा लांबट, चुरमुऱ्याचा हलका. वेलदोडा, बडीशेप, मगजबी, काजू असं काय काय साखरेत लपवलेलं असतं. पुढे दागिने करताना हे आकार कामी येतात.

आता मुख्य कोडं. साखर तर दाण्यावर सगळीकडून सारखीच पडते, मग ती गुळगुळीत चेंडूसारखी न चढता काटे का काढते?

याचं उत्तर शोधण्यात एक जपानी भौतिकशास्त्रज्ञ गुंतला होता, आणि त्याच्यापर्यंत जाणारी वाट वसईच्या इतिहासाजवळून जाते. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्याच काळात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून पुढे जपानपर्यंत जात. लुईश फ्रॉइश हा जेझुइट धर्मगुरू गोव्यात राहून जपानला गेला आणि १५६९ मध्ये त्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीतून साखरेचे दाणे भेट दिले. पोर्तुगीजांचा ‘कॉन्फेइतो’ जपानी जिभेवर ‘कोनपेइतो’ झाला. तो आजही जपानात विकला जातो, आणि एखाद्या मराठी माणसाने बरणी पाहिली तर तो सरळ म्हणेल की हा आपला हलवा आहे. तसाच टपोरा, तसाच रंगीत, तसाच काटेरी. इहारा साइकाकु या लेखकाच्या १६८८ च्या कथासंग्रहात नागासाकीत हा पदार्थ कसा करत, ते आलं आहे. गाभ्याला चक्क तीळ: साखरेत उकळलेले, वाळवलेले आणि मग कढईत मंद आचेवर फिरवत ठेवलेले.

त्या काट्यांनी तोराहिको तेरादा या शास्त्रज्ञाला छळलं. टोकियोतल्या या प्राध्यापकाला रोजच्या जगण्यातल्या गोष्टींचं भौतिकशास्त्र करण्याची हौस होती. कोनपेइतोवर त्याने १९२० च्या दशकात लिहिलं. प्रश्न साधा पण अवघड होता: सगळ्या दिशा सारख्याच असताना काही दिशांचीच निवड का होते? त्याचा धागा धरून विचार केला तर परातीतलं दृश्य उलगडतं. कुठलाही दाणा अगदी गोल नसतो. त्यावर नकळत उंचसखल असतंच. दाणा घरंगळताना जिथे जरासा उंचवटा असतो तो भाग परातीला आधी टेकतो. पाकही त्यालाच आधी लागतो. हवेत तो जास्त उघडा असल्यामुळे तिथलं पाणी लवकर उडतं आणि साखर तिथेच आधी बसते. म्हणजे उंचवटा आणखी उंच होतो आणि पुढच्या खेपेला त्याला आणखी झुकतं माप मिळतं. खोलगट भागाच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. पैशाकडे पैसा जातो म्हणतात तसं साखरेकडे साखर जाते.

तेरादाचा शिष्य उकिचिरो नाकाया याने हीच गोष्ट खऱ्या कडाक्याच्या थंडीत नेऊन पाहिली. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावरच्या विद्यापीठात, शून्याच्या कितीतरी खाली ठेवलेल्या प्रयोगशाळेच्या खोलीत, त्याने १९३६ मध्ये सशाच्या एका केसावर जगातला पहिला कृत्रिम हिमकण वाढवला. हिमकणाच्या सहा फांद्या वाढतात त्या याच न्यायाने. स्फटिकाचं जे टोक हवेत जास्त पुढे आलेलं असतं त्याला बाष्प आधी मिळतं, म्हणून टोकच पुढे पुढे सरकतं. परातीतला तीळ आणि सशाच्या केसावरचा हिमकण यांचं नातं असं सख्ख्या भावंडांचं आहे.

यात थंडीची करामत दोन ठिकाणी आहे. साखर पाण्यात किती विरघळते हे तापमानावर ठरतं. १०० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ४८७ ग्रॅम साखर मावते. २० अंशांना तेवढ्याच पाण्यात सुमारे २०४ ग्रॅमच. गरम पाक दाण्यावर पडून निवला की त्याला आपल्यातली बरीचशी साखर पेलवेनाशी होते आणि ती स्फटिक होऊन बाहेर पडते. हवा गार असली तर हे पटकन घडतं आणि काट्याचं टोक धारदार राहतं. दुसरी करामत कोरडेपणाची. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांच्या वर गेली की साखरेचे दाणे हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतात. पावसाळ्यात वसईच्या हवेत हे आकडे रोजचेच. जुलैत कुणी हलवा करायला बसलंच तर काटा येण्याआधी परातीत खळ तयार होईल. ‘थंडी चांगली पडली की काटा चांगला येतो’ असं जुन्या बायका म्हणत त्याच्यामागे एवढं सगळं रसायन आहे.

परदेशी गेलेल्या मराठी घरांत या नियमाला एक गमतीदार वळण मिळतं. शिकागो किंवा टोरांटोत बाहेर उणे दहा अंश असतात, पण घरात हीटर. उणे दहाच्या हवेत, ती पूर्ण संपृक्त असली तरी, एका घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण १२ टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. मात्र हलवा वाळायला अशी हवा आगाशीतही मिळायची नाही. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या, १९३२ पासून चालत आलेल्या संस्थांमुळे संक्रांत तिकडेही साजरी होते आणि हलव्याच्या दागिन्यांचे खोके जानेवारीत इथून समुद्रापार जातात.

दागिने हा या छंदाचा दुसरा अर्धा भाग, आणि कलेचा भाग तोच. लग्नानंतरची पहिली संक्रांत आली की नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, घरात बाळ असेल तर त्याचं बोरन्हाण करायचं. मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बिंदी. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. बाळाला मुकुट, वाळे आणि बासरी. काळा रंग उष्णता शोषून घेतो म्हणून थंडीत तो सोयीचा, आणि पांढरा हलवा त्यावर खुलून दिसतो हा आणखी एक फायदा.

जुन्या पद्धतीत दाण्याला भोक पाडत नाहीत. पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारत मारत एकेक दाणा अडकवत जातात. इथे काट्यांची खरी मदत होते, कारण दोन काट्यांमधल्या खाचेत दोरा बसतो आणि दाणा निसटत नाही. गुळगुळीत हलवा कितीही देखणा असला तरी या कामाला कुचकामी. नथीला बारीक खसखशीचा हलवा मोत्यांसारखा लागतो, हाराच्या पदकात टपोरे शेंगदाणे, चिंचपेटीला एकसारखे साबुदाणे. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर सोनेरी कागद, जरीची कड आणि मग दाणे चिकटवायचे ही नंतरची पद्धत. तिने काम सोपं झालं आणि मोबाइल, घड्याळ, क्रिकेटची बॅट असे नवे दागिनेही जन्माला आले. डिसेंबर अर्धा झाला की दादर-गिरगावापासून पुण्यापर्यंत दुकानांत आणि प्रदर्शनांत हे संच मांडलेले दिसतात. अनेक घरांत हंगामी मिळकतीचं ते साधन झालं आहे. काटेरी हलवाही आता फिरत्या पिंपांत, यंत्रावर होतो. कोनपेइतोचंही तेच झालं. फिरत्या तिरक्या कढईत तो तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

आगाशीच्या परिसरात संक्रांतीच्या तयारीआधी आणखी एक हातकाम घरोघर चाललेलं असतं. वसईच्या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. शेजारचं नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं जन्मगाव. वसईच्या बोलीत, शेतीत आणि बायबलात सारखेच रमलेले हे लेखक २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. डिसेंबर लागला की या गावांतून नाताळचे गोठे उभे राहू लागतात. ही परंपरा सुरू झाली तीही थंडीतच: संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण, बैल आणि गाढव यांच्यासह येशूजन्माचा देखावा मांडला. तिथून आठशे वर्षांनी वसईत तो देखावा भाताच्या पेंढ्याने शाकारला जातो. डोंगर व्हायला खाकी कागद चुरगळून रंगवतात किंवा जुनी गोणपाटं वापरतात. कुरणासाठी आठ-दहा दिवस आधी ताटलीत गहू किंवा नाचणी रुजत घालतात, आणि गारठा असेल तर कोंब वेळेवर येत नाहीत म्हणून ताटली चुलीशेजारी सरकवली जाते. घरावर टांगायची चांदणी बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून होते. हे काम तेच, जे दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या हिंदू घरात आकाशकंदिलासाठी झालेलं असतं. कामट्या तासणारे हात आणि कधीकधी उरलेल्या कामट्याही त्याच असतात.

इथेही थंडी हातात हात घालून काम करते किंवा आडवी येते. पांढरा डिंक, म्हणजे फेव्हिकॉलसारखा, वाळताना त्यातलं पाणी उडून प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळावे लागतात. हवा फार गार असली तर ते नीट मिसळत नाहीत आणि पारदर्शक पापुद्रा येण्याऐवजी भुकटीसारखा पांढरा थर राहतो. आगाशीत ही वेळ सहसा येत नाही. महाबळेश्वरात किंवा दिल्लीत हौशी मुलांवर ती येऊ शकते. उपाय सोपा आहे, चिकटवलेली वस्तू रात्रभर गच्चीवर न ठेवता घरात ठेवायची.

वसईच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, डहाणू-जव्हार-तलासरीकडे, थंडीचं घरातलं काम भिंतीवर दिसतं. भातकापणी आटोपली, भिंती वाळल्या, लग्नसराई जवळ आली की वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. वारली भाषेत चित्र काढत नाहीत, लिहितात. पूर्वी तो मान सवाशिणींचा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रं कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि बांबूची चघळलेली काडी एवढ्यावर उभी राहणारी ही कला आता शहरी घरांत सुट्टीच्या दुपारी शाळकरी मुलं करतात.

आणि मग गोधडी. नवऱ्याचे जुने सदरे, आजीची विटलेली लुगडी, फाटक्या चादरी यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवत जायचं. तिची ऊब कापडात नसते, कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. अचल हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाण्याच्या तुलनेत ती सुमारे पंचवीसपट कमी उष्णता वाहून नेते. टाके घट्ट ओढले तर थर दबून हवा निघून जाते आणि फार सैल ठेवले तर आतलं कापड गोळा होतं. हातभर गोधडी शिवून झाली की शिवलेला भाग मांडीवर येतो, त्यामुळे तयार होण्याच्या आधीच ती शिवणारीला ऊब द्यायला लागते. लोकरीच्या विणकामाचंही तेच. मफलर वीतभर झाला की सुया चालवणाऱ्या हातांखाली तो गरम पडून असतो, ‘दोन सुलट, दोन उलट’ मोजणाऱ्या बाईला मध्येच कुणी काही विचारलं की टाके चुकतात आणि चूक तीन ओळींनंतर लक्षात येते.

एकटीने करायचं हे काम हजारोंनी मिळून केलं तर काय होतं ते ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत दिसलं. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या बायकांनी देशोदेशी, आपापल्या घरी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण केलं. गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि नंतर ते सुटं करून गरजूंना वाटण्यात आलं.

हिवाळी हातकामाला शिक्षणात जागा मिळाली तीही एका थंड मुलखामुळे. स्वीडन-फिनलंडमध्ये शेतकरी लांबलचक रात्रींत घरात बसून लाकडाचे चमचे, दांडे, पेट्या कोरत. या घरकामाला ‘स्लॉयड’ म्हणत. फिनलंडने १८६६ मध्ये ते शाळांत आणलं. स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी शिक्षकांना ते शिकवायची शाळा काढली आणि तिथे देशोदेशीचे शिक्षक येऊ लागले. हातांना काम दिल्याने डोकं चालतं हा विचार महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने पक्का झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला मध्यभागी ठेवणारी नई तालीम मांडली. मराठी शाळांतला कार्यानुभवाचा तास त्याच घराण्यातला. रुमालाच्या कोपऱ्यावर साखळी टाका, गाठीचा टाका, काजेटाका घालून वहीत चिकटवलेले नमुने अनेक घरांच्या माळ्यावर अजून असतील.

हातकामाने मन निवतं हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, कागद, रंग यांच्याशी खेळू दिलं. आधी-नंतरच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांत ते उतरलेलं होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत आधीच्या सरावाचा काही फरक पडलेला दिसला नाही; नवशिक्यांनाही तेवढाच फायदा. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये याहून मोठा अभ्यास आला. सोळा देशांतल्या पासष्टी ओलांडलेल्या ९३,२६३ लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त असतं. त्या सोळा देशांत भारत नव्हता. तरीही, परातीपुढे तासभर बसून उठलेल्या बाईला पाठ दुखते म्हणून कुरकुरताना आणि त्याच दमात दुसऱ्या दिवशीची तयारी करताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या निष्कर्षाचं फारसं नवल वाटणार नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाणं चालतात. बाळाच्या डोक्यावरून हलवा, बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतले जातात, भोवतीची पोरं ते गोळा करायला तुटून पडतात आणि बाळ गळ्यातला हार तोंडात घालतं. चार-चार दिवस खपून केलेला काटा लाळेत अर्ध्या मिनिटात विरतो. उरलेले दागिने पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावतात. मुंग्यांपासून ते वाचतात, हवेपासून फार दिवस वाचत नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटाला दुपारचा खारा वारा लवकर सुटू लागतो. डबा उघडला की दाणे एकमेकांना चिकटलेले, काट्यांची टोकं बोथट झालेली. परात घासून फळीवर आणि शेगडी माळ्यावर जाते, स्वेटरांत नव्या डांबराच्या गोळ्या पडतात. आणि एका सकाळी मोरीतल्या फळीवरची खोबरेलची बाटली उचलली की आतलं तेल हलताना दिसतं.